खटक्याचं जहाज

खटक्या गेल्याची बातमी घेऊन आलेल्या शिपायाला दादांनी आधी तीन कुलपं दाखवली.

यात दादांची तशी चूक नव्हती. सकाळी दुकानाचं शटर वर करतात न करतात तोच गणवेशातला एक माणूस पायरीवर येऊन घुटमळायला लागला. टोपी काढून हातात धरली, घसा साफ केला, आणि बोलेना. शिपायाच्याच घरी चोरी झाली असणार आणि तो लाजत असणार, असं दादांनी मनाशी ठरवलं आणि त्याची लाज राखायला काही न विचारता माल काढला. शिपाईही भिडस्त निघाला. पहिलं कुलूप त्याने हातात तोलून बघितलं. दुसऱ्याची किल्ली फिरवून बघितली. तिसरं पुढे आलं तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"साहेब, मी तुरुंगातून आलोय," तो म्हणाला. "तुमचे धाकटे भाऊ काल वारले."

दादांनी तिसरं कुलूप खोक्यात ठेवलं आणि झाकण नीट बसवलं.

"जहाजावर?" त्यांनी विचारलं.

शिपायाने दोन पावलं मागे सरून दुकानाची पाटी पुन्हा एकदा वाचली.

आता या जहाजाचं सांगायला हवं, नाहीतर दादांना त्याच क्षणी वेड लागलं असं वाटायचं. खटक्याला पकडून नेलं त्या संध्याकाळी ताईंनी, म्हणजे चौघा भावंडांतल्या थोरल्या बहिणीने, सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "आजपासून तो जहाजावर आहे." ताईंच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. मामा तुरुंगात म्हटल्यावर कोण दारात उभं राहणार? तसं खटक्याने केलं तरी काय होतं! एका माणसाने घराची किल्ली हरवली म्हणून गयावया केली, खटक्याने कुलूप उघडून दिलं, वर तेल सोडून आतला खटका मोकळाही करून दिला. घर त्या माणसाचं नव्हतं. तो पळाला आणि तेलाची बाटली घेऊन उभा असलेला खटक्या सापडला. खटला उभा राहायचा होता, तो काही राहत नव्हता, आणि खटक्या आत बसून होता.

जहाज मात्र झोकात चाललं. भेटीच्या दिवसाला घरात 'बंदर' म्हणायला लागले. वकीलबाईंची 'कंपनी' झाली. जामीन नाकारला गेला की 'वारा पडला'. या घराला सवय लवकर लागते. दादांना तर हल्ली स्वप्नात खटक्या पांढऱ्या कपड्यांत डेकवर उभा दिसायचा, आणि सकाळी उठून ते वहिनींना सांगायचे की तब्येत सुधारलीय.

आणि ताईंचं नशीब बघा. मुलीचं जे स्थळ जमलं त्या घरचे सासरे जन्मभर जहाजांच्या इंजिनखोलीत राबून निवृत्त झालेले. मामा जहाजावर आहे म्हटल्यावर पहिल्याच भेटीत त्यांचा चेहरा खुलला. "मालवाहू का? सध्या कुठल्या बंदरात?" त्यांनी विचारलं. ताईंनी मागचापुढचा विचार न करता एका गावाचं नाव ठोकून दिलं. तेव्हापासून त्यांना घरात इंजिनीअर म्हणत, आणि ते यायचे म्हटलं की ताईंचं डोकं दुखायला लागायचं.

*

दुकानाच्या वरच्या खोलीत सगळे जमले. सगळे म्हणजे ताई, त्यांची मुलगी, जिला लग्न ठरल्यापासून सगळे नवरीच म्हणत, दादा, दादांची बायको वहिनी, आणि मधले भाऊ सेक्रेटरी. सेक्रेटरी आपल्या इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी होते आणि झोपेतसुद्धा ते विसरत नसत. दुकानाच्या पाटीवर कोणाचं नाव आधी यावं यावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. पाटी तशीच राहिली होती, बोलणंही.

ताईंना रडू येत होतं. ते त्यांनी घशाशी धरून ठेवलं होतं. खटक्याला त्यांनी कडेवर खेळवलं होतं, त्याला बोट धरून शाळेत सोडलं होतं. पण पोरीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि रडायला बसलं की माणूस खरं बोलतं, ही भीती त्यांना जास्त होती.

"आजच्या आज आणायचा," त्या म्हणाल्या. "गाजावाजा नको. जहाजावर झटका आला, कंपनीने पोचवला, एवढंच सांगायचं. ते जिथे सही मागतील तिथे द्यायची आणि संध्याकाळच्या आत सगळं उरकायचं."

"माझी सूचना अशी," सेक्रेटरी म्हणाले, "की ताईच्या म्हणण्याप्रमाणे..."

"त्यांना सांग," दादा बायकोला म्हणाले, "सूचना मागवलेल्या नाहीत."

"वहिनी, त्यांना सांगा, मी अनुमोदन देत होतो."

दोघं एकाच बाकावर बसले होते. वहिनींनी कोणालाच काही सांगितलं नाही. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे लाल झाले होते. खटक्या त्यांचा लाडका दीर. स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचा आणि सगळ्या गल्लीची खबर द्यायचा.

"उरकायचा?" त्या म्हणाल्या. "तो काय पार्सल आहे ताई? गेल्या भेटीला काचेपलीकडून मला डोळा मारत होता. धडधाकट माणूस. कसा गेला ते विचारणार आहात की नाही कोणी?"

"शिपाई म्हणाला, बाथरूममध्ये पडला," दादा म्हणाले.

बाथरूम म्हटल्याबरोबर नवरीच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, ते तिचं तिलाही कळलं नाही. खटक्या आणि बाथरूम हे या घराचं जुनं दुखणं होतं. लहानपणी एकदा कडी अडकून तो आत कोंडला गेला. बाप गावातला नावाजलेला कुलूपवाला, पण त्यालाही ती कडी निघेना, शेवटी दार फोडून पोराला बाहेर काढावं लागलं. त्या दिवसापासून खटक्याने बाथरूमची कडी कधी लावली नाही. कोणी आत घुसू नये म्हणून तो आतून मोठ्याने गायचा. सूर नाही, शब्द नाहीत, स्वतःचंच काहीतरी, रेकल्यासारखं. ताईंच्या सासूबाई पहिल्यांदा इथे भेटायला आल्या तेव्हा त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, शिवाय त्यांना ऐकायला कमी यायचं. त्यांनी दार ढकललं. त्या पुन्हा या घरी आल्या नाहीत.

"आता ते रेकणं बंद," वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या.

तेवढ्यात वकीलबाईंचा फोन लागला. नवरीने आवाज मोठा केला आणि सगळे फोनभोवती वाकले. वकीलबाई दुसऱ्या गावच्या कोर्टात होत्या आणि आवाज तुटत होता.

"ऐका, कोठडीत माणूस गेला की चौकशी... दंडाधिकाऱ्यांसमोर... शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायला सांगा. देह आधी तुम्ही स्वतः बघा. पूर्ण बघा. कपडे मागून घ्या. तुम्हाला घाई करतील, खूप गोड बोलतील. आणि काहीही झालं तरी सही करू..."

फोन बंद पडला.

"बघ," ताई म्हणाल्या. "सही करू म्हणाल्या."

"सही करू नका म्हणत असणार," वहिनी म्हणाल्या.

"ऐकू आलं तेवढं ग्राह्य धरावं लागतं," सेक्रेटरी म्हणाले. "नोंद तशीच होते."

"त्यांना सांग," दादा म्हणाले, पण काय सांगायचं ते त्यांना सुचलं नाही.

आणि या घोळात जिन्यावर इंजिनीअरांची पावलं वाजली.

*

इंजिनीअर आत आले, पायातले बूट काढून एका रेषेत ठेवले, आणि ताईंसमोर हात जोडले. नवरीनेच होणाऱ्या नवऱ्याला कळवलं होतं. ताईंनी लेकीकडे असं बघितलं, की तिने फोन पाठीमागे लपवला.

"विहीणबाई, फार वाईट झालं," ते म्हणाले. "जहाजावर माणूस गेला की घरच्यांचे हाल मी पाहिलेत. कॅप्टनला वाटतं, लवकर निपटावं. पण चौकशी झाल्याशिवाय देह उतरवू द्यायचा नसतो. कोण पहाऱ्यावर होतं, शेवटचं कोणी बघितलं, दवाखान्यात कधी नेलं, सगळं विचारायचं. आणि माणूस गेला ती जागा धुवायच्या आधी बघायची."

"हो ना," ताई क्षीण आवाजात म्हणाल्या. "पण समुद्रात एवढं कुठे..."

"माझी गाडी खाली आहे," इंजिनीअर म्हणाले. "मी नेतो सगळ्यांना. फक्त तुरुंगाकडचा पूल दुरुस्तीला बंद आहे, वळसा पडेल."

दादांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला.

"कुठे?" ताईंनी विचारलं.

"तुरुंगात." इंजिनीअरांनी आवाज खाली आणला. "विहीणबाई, तुम्ही मला ज्या बंदराचं नाव सांगितलंत ना, त्या गावाला समुद्र नाही."

ताई मटकन खुर्चीत बसल्या. इतके दिवस त्यांनी केवढ्या हुशारीने वारे फिरवले, बंदरं बदलली, आणि हा माणूस समोर बसून मान डोलवत होता! त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

"मग बोलला का नाहीत?"

"चौकशी केली तेव्हा कळलंच. पण पोरगी चांगली आहे," इंजिनीअर म्हणाले. "आणि खरं सांगायचं तर मलाही बोलायची सोय राहिली नाही. घरी बायकोला, बहिणींना मी जहाजच सांगितलंय. कॅप्टन माझ्या ओळखीचा आहे, असंही सांगून बसलोय. परवाच बहिणीला म्हणालो, कॅप्टनचा फोन आला होता, मामा मजेत आहेत."

वहिनींना एवढ्या दुःखातही हसू फुटलं. ताईंना मात्र धीर आला. म्हणजे हा माणूस आपल्याच बोटीत होता.

"म्हणजे तुम्हालाही हे गुपचूप झालेलं बरं," त्या म्हणाल्या.

"बरं पडेल," इंजिनीअर म्हणाले. "माझ्या बहिणींना कळलं तर लग्नात बखेडा करतील. ते मी नाकारत नाही."

ठरलं. ताई, सेक्रेटरी आणि इंजिनीअर एका बाजूला. वहिनी एकट्या दुसऱ्या बाजूला. दादा नेहमीप्रमाणे मध्ये, आणि गाडीतही त्यांना मधलीच जागा मिळाली. वाटेत नवरी एकदाच बोलली. "आई, सही करायचीच असेल तर कर. पण माझ्या लग्नासाठी केली म्हणू नकोस. मला जन्मभर ते ऐकावं लागेल."

*

तुरुंगाचे अधिकारी दारापर्यंत सामोरे आले. भेटीच्या दिवशी या माणसाने कोणाला बाकावर टेकू दिलं नव्हतं. आज खुर्च्या मांडल्या होत्या, पंखा त्यांच्याकडे फिरवला होता, सगळ्यांना पाणी विचारून झालं होतं. माणूस जिवंत असताना ज्या घराला दरवाजातून हाकलायचं, तो मेला की त्याच घराचं एवढं आगतस्वागत कशाला, हे वहिनींना तिथल्या तिथे खटकलं. पण त्यांचं ऐकतंय कोण.

"कागद तयार आहे," अधिकारी मऊ आवाजात म्हणाले. "घटना मान्य आहे, कोणावर संशय नाही, एवढंच. इथे बहिणीची सही, इथे भावांची. गाडीही आम्हीच देऊ. संध्याकाळच्या आत तुम्ही मोकळे. त्रास नको, चर्चा नको. चांगली माणसं आहात तुम्ही."

ताईंनी पेन उचललं. त्यांना खरोखर त्रास नको होता, चर्चा नको होती.

"वाचल्याशिवाय सही करणं नियमाला धरून नाही," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना संशय बिंशय काही नव्हता. समोर कागद आला की मोठ्याने वाचायचा, ही त्यांची सवयच होती. त्यांनी चष्मा लावला, उभे राहिले आणि समितीत वाचतात तशा सुरात सुरुवात केली.

"सदर बंदी हा सकाळी बाथरूममध्ये गेला असता त्याने आतून कडी लावून घेतली. पाय घसरून पडल्याचा आवाज आल्याने कर्मचाऱ्यांनी धाव घेतली, परंतु आतून कडी असल्याने दार उघडण्यास विलंब..."

सेक्रेटरी थांबले. चष्मा वर-खाली केला.

"परत वाच," दादा म्हणाले.

वहिनींनी चमकून नवऱ्याकडे बघितलं. दादांनी थेट भावाला सांगितलं होतं. सेक्रेटरींच्याही ते लक्षात आलं, पण ते दाखवायची ही वेळ नव्हती.

"त्याने आतून कडी लावून घेतली," त्यांनी पुन्हा वाचलं. आता सूर समितीचा नव्हता.

"खटक्याने?" दादा म्हणाले.

"असं लिहिलंय, दादा."

आणि वहिनी हसल्या. भर कार्यालयात, खदाखदा. अधिकारी गोंधळून उभे राहिले, पंख्याजवळचा शिपाई दाराकडे सरकला. हसता हसता वहिनींचं रडं कधी सुरू झालं ते कळलंच नाही. "कडी!" त्या म्हणत होत्या. "आमच्या खटक्याने! कडी!"

"यांना पाणी द्या," अधिकारी म्हणाले. "दुःखात होतं असं."

ताईंच्या हातात पेन तसंच होतं. घशाशी धरून ठेवलेलं सगळं एकदम वर येत होतं. त्यांना ते फोडलेलं दार आठवलं, दारामागे थरथरत उभं असलेलं ओलंचिंब पोर आठवलं, आणि त्याने त्यांच्या गळ्याला मारलेली मिठी आठवली.

"माझा भाऊ कडी लावत नाही," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, तुरुंगात माणसं बदलतात."

"माझ्या सासूबाईंसाठी लावली नाही त्याने," ताई म्हणाल्या. "ती तुमच्यासाठी लावेल?"

अधिकाऱ्यांना यातलं काही कळलं नाही. पण सही होत नाहीये एवढं कळलं, आणि त्यांच्या आवाजातला मऊपणा कमी झाला. "बघा हं. सही नसेल तर आज देह मिळणार नाही. दंडाधिकारी येतील, जबाब होतील, पेपरात येईल. तुमच्या घरात लग्न आहे असं ऐकलं. शेवटी तुमच्याच घराची..."

"दार फोडलं असेल ना? मग ती तुटलेली कडी दाखवता का?" इंजिनीअर मध्येच म्हणाले.

"दुरुस्त केली."

"कालच्या काल?" दादा म्हणाले. जन्मभर लोकांच्या कड्या बसवत आलेल्या दादांना, आपल्या दुकानात दुरुस्तीला किती खेटे घालावे लागतात हे चांगलं माहीत होतं. "एवढ्या लवकर कोण करून देतं? मला त्याचा पत्ता द्या."

ताईंनी इंजिनीअरांकडे बघितलं. आता सगळं त्या एका माणसावर होतं. त्याच्या बहिणी, त्याची बायको, नवरीचं लग्न, सगळं. आणि त्यांना हेही कळलं होतं, की तो काहीही म्हणाला तरी आता आपला हात त्या कागदावर उतरणार नाही. त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

इंजिनीअरांनी खाकरून घसा साफ केला. "विहीणबाई, घरी मी सांगेन. कॅप्टन वगैरे काही नव्हता म्हणून. बहिणी बोलतील. बोलू द्या."

ताईंनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची पुढे ओढून नीट बसल्या.

"आम्ही थांबतो," त्या म्हणाल्या. "दंडाधिकाऱ्यांना बोलवा."

*

वकीलबाई धापा टाकत पोचल्या तेव्हा दोघे भाऊ दारात खांद्याला खांदा लावून उभे होते.

"सही केलीत?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

"नाही," दादा म्हणाले.

"मी फोनवर ओरडत होते, सही करू नका, करू नका!"

"आम्हाला 'सही करू' एवढंच ऐकू आलं," सेक्रेटरी म्हणाले.

"मग केली कशी नाहीत?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "कडी," दादा म्हणाले. वकीलबाईंना हे घर आधीपासून माहीत होतं, त्यांनी पुढे विचारलं नाही.

देह बघायला ताई आणि दादा गेले. वकीलबाईंनी बजावलं होतं, तोंड बघून परत फिरायचं नाही, सगळं बघायचं आणि लक्षात ठेवायचं. ताईंनी सगळं बघितलं. खटक्याच्या दोन्ही मनगटांवर काळेनिळे वण होते. दादांनी त्याचा उजवा अंगठा हातात धरला, ज्याचं नख किल्ल्या घासून घासून चपटं झालं होतं, आणि ते लहान मुलासारखे रडले. ताईंना मात्र आता रडू येईना. त्या एकेक वण डोळ्यांत साठवत होत्या.

दंडाधिकारी एक थकलेल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांच्या शेजारी कारकून टंकायला बसला होता. मागे सगळं घर उभं, इंजिनीअरसुद्धा.

"मयताशी नातं?"

"बहीण. थोरली."

"मयताचा व्यवसाय?"

"जह..." ताईंच्या तोंडून निघालं. ताईंनी ओठ घट्ट मिटले, मग उघडले. "कुलपं उघडायचा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांची अडलेली कुलपं उघडून द्यायचा. म्हणूनच इथे आला."

"मृत्यू कुठे झाला?"

"तुरुंगात. इथे, या तुरुंगात." हे शब्द त्या पहिल्यांदाच उच्चारत होत्या आणि ते वाटलं होतं तितके जड नव्हते.

"त्यांनी कडी लावली नसणार, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मग ताईंनी सांगितलं. अडकलेली कडी, फोडलेलं दार, ते रेकणं, सगळं. आणि होणाऱ्या व्याह्यांसमोर, मान ताठ ठेवून, सासूबाईंनी दार ढकललं तेही सांगितलं. मागे सेक्रेटरींना ठसका लागला. दंडाधिकाऱ्यांनी डोळे खाली वळवले आणि ओठ आवळून धरले.

"त्या पुन्हा माझ्या माहेरी आल्या नाहीत," ताईंनी सांगून संपवलं.

कारकुनाची बोटं थांबली. "मॅडम, सासूबाई पुन्हा आल्या नाहीत, हेही लिहू?"

"लिहा," दंडाधिकारी म्हणाल्या. "शब्द न शब्द लिहा. आणि त्या बाथरूमच्या दाराला आजच्या आज सील लावा."

*

खटक्या त्या दिवशी घरी आला नाही. अजून शवविच्छेदन होतं, चित्रीकरण होतं, आणखी जबाब होते. वकीलबाई म्हणाल्या, हे लांबणार आहे, मध्येच थकवतील, समजूत घालायला माणसं पाठवतील, तेव्हा आतापासून मन घट्ट करा. घरी परतेपर्यंत उन्हं कलली होती.

जिन्याखाली चष्म्याचं दुकान असलेले चष्मेवाले दारात वाट बघत होते. "ताई, कानावर आलं. जहाजावर म्हणे..."

"जहाज नव्हतं हो," ताई म्हणाल्या. "तुरुंगात होता. तिथेच मेला. कसा, ते सांगत नाहीत, म्हणून आम्ही विचारतोय."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही जहाज म्हणत होता, मग आम्हीही जहाज म्हणायचो. आज मात्र कोणतं बंदर विचारावं, सुचेना."

वर आल्यावर कोणी दिवा लावला नाही. दादा आणि सेक्रेटरी एकाच बाकावर बसले आणि दादांनी भावाला थेट विचारलं, "पाणी घेतोस?" सेक्रेटरी "घेतो" म्हणाले. आज या घरात एवढंही पुष्कळ होतं. इंजिनीअर खाली गाडीत बसून बहिणींना फोन करत होते. त्यांचा आवाज आधी चढला, मग बराच वेळ नुसतं "हो... हो... चुकलंच माझं" असं ऐकू येत राहिलं. नवरी खिडकीत उभी राहून ते ऐकत होती आणि नखं खात होती.

ताई तोंड धुवायला म्हणून उठल्या.

थोड्या वेळाने वहिनी भांडं घेऊन बाथरूमकडे गेल्या. दार लोटलेलं होतं, कडी लागलेली नव्हती. त्यांनी ढकलायला हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला. आतून गाण्याचा आवाज येत होता. सूर नाही, शब्द नाहीत, मध्येच फुटणारा, हुंदक्यांनी तुटणारा, पण मोठ्याने, बाहेरच्याला नीट ऐकू जावा असा.

दादा मागून येत होते. वहिनींनी हात आडवा केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आत कोणीतरी आहे."